खजुराच्या झाडावरचा बेकार माणूस

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी केलेले बहुतेक तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हेही कधी कधी आठवत नाही. एक चौकशी मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि नेमकी तीच मी नोकरीत असताना केलेली नाही. तिला गुन्हा रजिस्टर नंबर नाही, पंचनामा नाही, केस डायरी नाही. तेव्हा माझ्या अंगावर वर्दी नव्हती आणि पायाखाली आपला मुलूखही नव्हता. ही घटना कुवेतमधली आहे. त्यातल्या कोणाचेही नाव मी देणार नाही. तशी नोकरीपासूनची सवय आहे, शिवाय त्या माणसांना मी तसा शब्द दिला आहे.

निवृत्तीनंतर मी मुलीकडे एगैलाला, म्हणजे कुवेत शहराबाहेरच्या एका उपनगरात, गेलो होतो. जावई सकाळी ऑफिसला, मुलगी इस्पितळात ड्युटीवर, नात शाळेत. मी दिवसभर मॉलमध्ये चकरा मारायचो आणि बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे वाचायचो. पोलिसाची नजर पेन्शनीत निघत नाही.

एका शुक्रवारी जावयाबरोबर अब्बासिया या आपल्या लोकांच्या वस्तीत मासळी आणि ओले खोबरे आणायला गेलो असताना एका शिंप्याच्या दुकानातून आवाज आला, "साहेब, तुम्ही आमच्या तालुक्याच्या ठाण्याला होता ना?" दुकानाचा मालक रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा मुसलमान गृहस्थ होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याच्या चुलत्याची होडी चोरीला गेली होती आणि ती मी शोधून दिली होती. त्याने चहा मागवला. जावयाला मासळीच्या रांगेत पाठवून मी बसलो.

हा शिंपी तिथल्या एका गावकरी मंडळाचा अध्यक्ष होता. एकाच तालुक्याच्या पाच-सहा गावांतले चाळीसेक लोक, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. कोणी प्लंबर, कोणी ड्रायव्हर, कोणी हॉटेलात. बहुतेक जण बायकामुलांना गावी ठेवून अब्बासियातल्या भाड्याच्या खोल्यांत एकत्र राहणारे. त्यांनी आपसात एक सोय केली होती. प्रत्येकाने दरमहा थोडी वर्गणी द्यायची आणि ज्याची नोकरी जाईल त्याला नवी मिळेपर्यंत मंडळाने सांभाळायचे. खोलीतला वाटा, मेसचे जेवण आणि घरी पाठवायला काहीतरी. तिकडे परदेशी कामगाराला बेकारीचा भत्ता कोण देणार? म्हणून या माणसांनी आपल्यापुरता तो तयार केला होता. मला त्याचेच मोठे नवल वाटले. मी विचारले, "नियम काय?"

"एकच नियम, साहेब. ज्या दिवशी काम लागेल त्या दिवसापासून मदत बंद."

मग त्याने दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले आणि गल्ल्यातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "वर्गणीच्या डब्यात हा सापडला. सही नाही."

निनावी अर्ज मी हजारांनी वाचले आहेत. त्यांची एक ठरावीक भाषा असते. लिहिणाऱ्याच्या पोटात जे काही जळत असते ते दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बाहेर येतेच. या कागदावर डाव्या हाताने लिहावे तशा वाकड्या अक्षरात एवढेच होते: 'मेस्त्री मंडळाची मदत घेतो आणि बनेद अल-गारला कामाला जातो. आठवड्यातून तीन सकाळी, तीन तीन तास. समुद्राकडच्या गल्लीत जुने घर आहे, निळा दरवाजा. आत सहा खजूर आहेत. चौकशी करावी.'

"हा मेस्त्री कोण?"

"एसीच्या डक्टचं काम करणारा. गुहागरकडचा. त्याची कंपनी बसली. मालक कागदावर आहे, पण काम नाही, पगार नाही. चार महिने मंडळ त्याला देतंय. साहेब, माणूस एकदम सरळ. पण ही चिठ्ठी ट्रेलर चालवणाऱ्या एकाने माझ्या आधी वाचली आणि सगळ्या खोल्यांत बोंब झाली. तो म्हणतो, शूनला कळवतो."

शून म्हणजे तिथली कामगार कचेरी. त्या देशात ज्याच्या नावावर तुमचे कागद, त्याचेच काम करायचे. दुसरीकडे अर्धवेळ काम करायला रीतसर परवानगी मिळते, पण त्याला मूळ मालकाची संमती लागते. परवानगीशिवाय सापडला तर माणूस थेट विमानात बसतो. म्हणजे मेस्त्रीची फक्त मंडळाची मदत जाणार नव्हती, परत येण्याचा रस्ताही बंद होणार होता.

"साहेब, तुम्ही एवढी चौकशी करून द्या. आमच्यातल्या कोणी केली तर मारामारी होईल."

मी त्याला स्पष्ट सांगितले की मला इथे काडीचा अधिकार नाही. मी व्हिजिटवर आलेला म्हातारा. तो म्हणाला, "अधिकार नको. तुम्ही सांगाल ते सगळे ऐकतील, एवढं पुरे."

घरी सांगितले तेव्हा मुलगी वैतागली. नातीला मात्र मजा वाटली. "आजोबा, इज इट अ रिअल केस?" मी म्हटले, "अजून ठरायचंय."

पुढच्या आठवड्यात जावयाने ऑफिसला जाता जाता मला बनेद अल-गारला सोडले. उंच इमारतींच्या मधे काही जुनी घरे अजून टिकून आहेत. निळा दरवाजा सापडायला वेळ लागला नाही. समोर एक बकाला होता, म्हणजे आपले किराणा दुकान. तिथून ताकाची बाटली घेतली आणि सावलीत उभा राहिलो. पाळत ठेवताना हातात खाण्यापिण्याचे काहीतरी असावे. नुसत्या उभ्या माणसाकडे सगळे बघतात, खाणाऱ्याकडे कोणी बघत नाही.

कुंपणाच्या भिंतीवरून खजुराचे शेंडे दिसत होते. मी मोजले. चार. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा मोजले. चारच. चिठ्ठीत सहा लिहिले होते. खबरीतला आकडा आणि जागेवरचा आकडा जुळला नाही की मी तो मनात बाजूला ठेवतो, खोडत नाही.

थोड्या वेळाने एका शेंड्याच्या खाली माणूस दिसला.

त्याच्या कमरेभोवती आणि झाडाभोवती मिळून एक जाड दोराचा पट्टा होता. पाठ मागे टाकून तो त्या पट्ट्यावर रेलायचा, पट्टा झटक्याने वर सरकवायचा आणि अनवाणी पायांनी एक वीत वर चढायचा. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, खाली फरशी, आणि तो घरच्या पडवीत बसावा तसा निवांत. कमरेच्या कोयत्याने त्याने झावळ्यांच्या बुडाचे काटे साफ केले. मग गळ्यातल्या पिशवीतून पांढरट फुलांच्या काड्या काढल्या, झाडाच्या उमललेल्या तुऱ्यात त्या उलट्या खोचल्या आणि झावळीच्या पातीने तुरा सैल बांधला. आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून द्यावा, तसे त्याचे हात चालत होते. फुलांतून पिठासारखी पूड उडाली आणि सकाळच्या उन्हात त्याच्या डोक्याभोवती पिवळसर धूर झाला.

अंगणातून एका म्हातारीचा आवाज आला, "श्वय श्वय!" म्हणजे हळू, सांभाळून. वरून तो कोकणीतच ओरडला, "काय नाय होत, आये!" दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, हे मला नंतर कळले.

मी पोलीस म्हणून तिथे गेलो होतो. पण खरे सांगतो, पहिली दहा मिनिटे मी ताकाची बाटली हातात धरून नुसता वर बघत राहिलो. बकालावाला बंगाली बाहेर आला. तोही बघू लागला. म्हणाला, "ऐसा आदमी इधर कोई नहीं है, बाबा. लिफ्टवाला मशीन इस गल्ली में घुसता नहीं."

काम करतो, हे सिद्ध झाले होते. पण काहीतरी बसत नव्हते.

त्याच संध्याकाळी मी ट्रेलरवाल्याला भेटलो. सगळ्यात मोठ्याने ओरडणारा तोच, तेव्हा चिठ्ठी त्याने लिहिली असावी असा सरळ संशय होता. आडदांड माणूस. माझ्यासमोर बसलाही नाही.

"चिठ्ठी तू टाकलीस?"

"मी? साहेब, मी लिहिली असती तर खाली सही केली असती आणि दोन शिव्यापण घातल्या असत्या."

"बनेद अल-गारला कधी गेलायस?"

"आमचा ट्रेलर शहरात सोडत नाहीत. मी कशाला जातोय तिकडं!"

तो खरे बोलत होता. खोटे बोलणारा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो किंवा फार उशिरा देतो. हा त्याच्या नेहमीच्या रागात बोलत होता.

मी पुन्हा कागद उघडला. आता मला तो वेगळा दिसू लागला. तक्रार करणारा नेहमी फुगवून लिहितो. रोज जातो, ढीगभर कमावतो, मंडळाला लुटतो. या माणसाने 'आठवड्यातून तीन सकाळी, तीन तीन तास' लिहिले होते. एक तासही वाढवला नव्हता. आणि रस्त्यावरून चार खजूर दिसत असताना सहा लिहिले होते. म्हणजे लिहिणारा निळ्या दरवाजाच्या आत गेलेला होता. आत कोण जात होते? समोरच्या बकालावाल्याने सांगितले होते त्याप्रमाणे म्हातारी, तिचा मुलगा, एक श्रीलंकन स्वयंपाकीण. यांतल्या कोणाला मराठी लिहिता येणार?

माझा चहा तसाच राहिला. एवढ्या वर्षांत असा अर्जदार मला भेटला नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी मी मेस्त्रीची वाट पाहत त्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. पंचेचाळीशीचा, सडपातळ माणूस. बाह्यांवर काट्यांचे ओरखडे. मी नाव सांगितले, गाव सांगितले, पूर्वी कोण होतो तेही सांगितले. तो घाबरला नाही. उलट त्याचे खांदे सैल झाले, असे मला वाटले. आम्ही समुद्राच्या बाजूला बाकावर जाऊन बसलो.

चौकशीत पहिला प्रश्न सोपा असावा. मी विचारले, "चढायला कुठे शिकलास?"

"बापाकडं. तो पाडेली होता. माडावर चढून नारळ पाडायचा. मी दहाव्या वर्षापासून चढतोय. इथं येऊन डक्टवाला झालो, म्हटलं आता सुटलं ते. कंपनी बसली तेव्हा एका ड्रायव्हरनं सांगितलं, एक म्हातारी माणूस शोधतेय. तिच्या नवऱ्यानं लावलेले खजूर. या दिवसांत नर झाडाची फुलं मादी झाडाला नाय घातली तर खजूर धरत नाय. पंधरा-वीस दिवसांचा खेळ असतो. मला खजुराचं काय माहीत? तिनं खालून हातांनी दाखवलं, मी वर केलं."

"पैसे घेतोस?"

तो समुद्राकडे बघत राहिला. अशा वेळी बोलायचे नाही. तरुण फौजदार इथे चुकतात. ते गप्प बसवत नाही म्हणून पुढचा प्रश्न विचारतात आणि आलेले उत्तर परत आत जाते.

"घेतो," तो म्हणाला. "मंडळ देतंय त्याचा चौथा हिस्साबी नाय. पण घेतो."

"मग मंडळाला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! पहिल्याच आठवड्यात खजिनदाराला सांगितलं. तो म्हणाला, गप बस, कोणाला बोलू नको, बोललास तर सगळीच मदत जाईल. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्यापुढं हात जोडले. साहेब, मदत गेली तर माझ्या मुलीचं शिक्षण थांबेल, हे त्याच्या मनात होतं. वाईट माणूस नाय तो." मग तो माझ्याकडे वळला. "तुम्हीच सांगा. आठवड्याचं नऊ तासांचं काम सांगितलं तर महिन्याची मदत जाणार. नाय सांगितलं तर चाळीस माणसांच्या ताटातलं चोरून खाल्ल्यासारखं होतंय. माणसानं करायचं काय? घरात पडून राहिलो असतो तर मी इमानदार. उठून झाडावर चढलो तर चोर."

मी कागद काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"रस्त्यावरून चारच खजूर दिसतात, मेस्त्री."

त्याने कागदाकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "मागच्या अंगणात दोन हायत."

चौतीस वर्षे मी दुसऱ्याबद्दल खबर देणारे पाहिले. भावाची खबर देणारा भाऊ पाहिला, नवऱ्याची खबर देणारी बायको पाहिली. स्वतःची निनावी खबर स्वतः देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

"समोर उभं राहून का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं असतं तर खजिनदारानं दोनदा झाकलं हे बाहेर आलं असतं. आणि बाकीचे म्हणाले असते, जाऊ दे रे, तू आपला माणूस. माझा मान राखून सोडलं असतं. मला तसं सुटायचं नव्हतं. कोणीतरी नीट चौकशी करावी आणि काय ते ठरवावं, एवढंच वाटत होतं. कोण करणार ते माहीत नव्हतं. तुम्ही आलात, बरं झालं."

मी त्याला सांगितले की चौकशी नीट होईल, पण परवानगी मिळेपर्यंत झाडावर चढायचे नाही. तो म्हणाला, "अजून दोन झाडं राहिलीत. मागची. त्यांचे तुरे चार दिवसांत उमलतील."

"तरी नाही."

"म्हातारीला काय सांगू?"

"मी येतो तुझ्याबरोबर."

म्हातारीचा मुलगा सरकारी कचेरीत होता आणि त्याला इंग्रजी येत होते. मी त्याला सगळे समजावून सांगितले. मेस्त्री बिनपरवाना काम करतो हे त्याला माहीतच नव्हते. तो चपापला, मग स्वतः मेस्त्रीच्या मालकाचा पत्ता काढतो म्हणाला. म्हातारीला मुलाने अरबीत सांगितले, तेव्हा ती माझ्याकडे रागाने बघून बरेच काही बोलली. मुलाने त्याचे भाषांतर केले नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी नमाज आटोपल्यावर अध्यक्षाच्या खोलीत बैठक झाली. सतरंज्यांवर माणूस माणसाला चिकटून बसलेला, काही दारातही उभे. मी अहवाल द्यावा तसे सांगितले. अर्ज काय होता, जागेवर काय दिसले, जबाबात काय आले. अर्जदार कोण, हे मेस्त्रीच्या संमतीने सांगितले. आणि शेवटी म्हणालो, "काम केलं, हे खरं. लपून राहिलं, हेही खरं. पण ते पहिल्याच आठवड्यात त्यानं तुमच्या एका पदाधिकाऱ्याला सांगितलं होतं."

खजिनदार उभा राहिला. "मला सांगितलं होतं. मीच दाबलं."

खोलीत कुजबुज सुरू झाली. मला वाटले, आता ट्रेलरवाला उठणार आणि खजिनदाराची गचांडी धरणार. तो उठलाही. पण खाली मान घालून उभा राहिला.

"मागच्या साली माझा अपघात झाला, गाडी बंद होती, तेव्हा मंडळानं मला तीन महिने दिलं," तो म्हणाला. "त्यात मी दर गुरुवारी एका गॅरेजात गाड्या धूत होतो. सांगितलं नाय. सांगितलं असतं तर सगळंच गेलं असतं." आणि मग एकदम ओरडला, "म्हणून तर मला राग आला! मी केलं ते ह्यानंपण केलं म्हणून!"

कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "मी हॉटेलात भांडी घासत होतो. दोन तास." दारातल्याने सांगितले, तो एका घरी कुराण शिकवायला जात होता. मग आणखी चार जण उठले. एकूण सात. मी प्रश्न विचारला नव्हता. टेबल नव्हते, दिवा नव्हता, दम दिला नव्हता. आयुष्यभर ज्या एका वाक्यासाठी मी माणसांसमोर तासन्तास बसलो, ते वाक्य ही माणसे एकामागून एक उठून आपणहून बोलत होती.

अध्यक्ष शेवटी म्हणाला, "म्हणजे हे सात चोर नाहीत. आपला नियमच चुकलाय."

मग कोणी अर्धी मदत द्या म्हणाले, कोणी आठवड्याला काही तास माफ करा म्हणाले. दोघांचे भांडणही जुंपले. शेवटी ठरले ते असे. बेकार माणसाला अर्धवेळ काम मिळाले तर त्याने ते उघड सांगायचे. तो जेवढे कमावेल त्याच्या निम्मे मदतीतून कमी होईल, निम्मे त्याचे. म्हणजे काम केल्याने कोणी बुडणार नाही, आणि मंडळाचा भारही हलका होईल. काम मात्र कायद्याने परवानगी असलेलेच, ही अट मी घालायला लावली. मेस्त्री म्हणाला, "नवा नियम मला मागच्या महिन्यापासून लावा. जास्तीचं मी फेडीन." नको नको म्हणणाऱ्यांचे त्याने ऐकले नाही.

परवानगी यायला अकरा दिवस लागले. म्हातारीचा मुलगा मेस्त्रीच्या मालकापर्यंत पोहोचला. मालकाने संमती दिली आणि परवानगी मेस्त्रीच्या फोनवरच्या सरकारी ॲपमध्ये उमटली. तोवर मागच्या दोन झाडांचे तुरे उमलून वाळले होते. मेस्त्रीने वर जाऊन पाहिले आणि खाली उतरून मान हलवली. त्या वर्षी त्या दोन झाडांना खजूर धरला नाही. माझा निर्णय बरोबर होता, असे मी आजही म्हणेन. पण म्हातारी त्या झाडांच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली, ते विसरता येत नाही. पुढे त्याच मुलाच्या ओळखीने बागकामाच्या एका कंपनीत मेस्त्रीला रीतसर नोकरी लागली आणि त्याची मदत थांबली. ते कळवायला तो स्वतः अध्यक्षाकडे गेला.

मी परतायच्या आधी मंडळाने मला जेवायला बोलावले. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमई, आणि जेवणानंतर सत्कार. शाल कुठून पैदा केली कोण जाणे. अध्यक्षाने भाषण केले की साहेबांनी एका गरिबाला वाचवले, असे अधिकारी असते तर वगैरे. मग मला दोन शब्द बोलायला सांगितले.

मी शाल घडी करून बाजूला ठेवली. जे मी घरीही कधी बोललो नव्हतो, ते त्या खोलीत बोललो.

मी नवा फौजदार असताना आमच्या हद्दीतला एक कारखाना बंद पडला. कामगारांना काही महिने सरकारी मदत मिळत होती. त्यासाठी त्यांनी लिहून द्यायचे होते की आम्ही कुठेही काम करत नाही. एका बाईविरुद्ध निनावी अर्ज आला. मी पाळत ठेवली. ती पहाटे बंदरावर कोळंबी सोलायला जायची. मी तिला ठाण्यात बोलावले आणि विचारले, काम करतेस की नाही, हो की नाही सांग. ती म्हणाली, "दोन तास, साहेब." मी पुन्हा विचारले, हो की नाही? ती म्हणाली, "दोनच तास." मी जबाबात लिहिले, 'होय'. तिचा अंगठा घेतला. तिची मदत बंद झाली, खोटे लिहून दिल्याचा खटला झाला, आणि माझ्या नोकरीच्या पुस्तकात चांगल्या कामगिरीचा शेरा पडला. पुढे ती बाई मुलांना घेऊन गाव सोडून गेली, एवढेच कानावर आले. मी शोध घेतला नाही.

"तिने मला दोनदा सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी लिहिलं नाही."

ज्यांनी माझ्यासमोर आपले सांगितले होते ते सातही जण खाली बघत होते. कोणी माझी समजूत काढली नाही, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

या चौकशीने मला काय शिकवले, असे नवे अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की 'हो की नाही' हा प्रश्न विचारणाऱ्याच्या सोयीचा असतो. समोरचा माणूस बहुतेक वेळा त्या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी उभा असतो, आणि तो नेमका कुठे उभा आहे, ते शोधणे म्हणजे तपास. तेवढे कष्ट मी त्या बाईसाठी घेतले नाहीत. खजुरावर चढणाऱ्या एका बेकार माणसाने मात्र ते स्वतःच्या विरुद्ध घेतले. तास मोजून लिहिले, झाडे मोजून लिहिली.

त्या दुपारी सत्कार आटोपून निघताना मेस्त्री मला जिन्यापर्यंत सोडायला आला. मग म्हणाला, "साहेब, ते आता लिहा ना."

"काय?"

"दोन तास."

म्हणून हे लिहिले आहे. सदर बाई कारखाना बंद असताना बंदरावर रोज दोन तास कोळंबी सोलण्याचे काम करत होती. तिने ते विचारल्याबरोबर खरे सांगितले होते. जबाब अपुरा नोंदवला गेला, आणि तो नोंदवणारा अधिकारी मी होतो.